नावाची किंमत किती? थम्स अप, बिस्लेरी आणि कॅम्पाच्या गोष्टीतून समजून घ्या ब्रँडिंग

मनमाडजवळून रेल्वे जाते तेव्हा खिडकीतून एक डोंगर दिसतो. डोंगराच्या माथ्यावर अंगठा वर केल्यासारखा सरळ उभा सुळका. त्याचं खरं नाव हडबीची शेंडी. पण डब्यात कुणालाही विचारा, उत्तर येईल, "तो होय? थम्सअपचा डोंगर." सुळका माणसाच्या आधीपासून तिथे उभा आहे आणि थम्स अप बाजारात आलं १९७७ मध्ये. तरी लोकांच्या तोंडी बसलं ते कोल्ड्रिंकचंच नाव.

ब्रँडिंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लोगो, टॅगलाइन, ठरलेले दोन रंग आणि इन्स्टाग्रामचं एकसारखं दिसणारं फीड येतं. ते सगळं त्यात येतंच. पण या सगळ्याचा धंद्याला नेमका उपयोग काय, हे कळायला अशी उदाहरणं बघावी लागतात जिथे नुसत्या नावाची खरेदी-विक्री झाली. भारतात अशी सगळ्यात मजेदार उदाहरणं कोल्ड्रिंक आणि पाण्याच्या धंद्यात सापडतात. कारण बाटलीत असतं काय? पाणी, साखर, गॅस आणि थोडा अर्क. बाकी सगळं लेबलवर.

कोका-कोला गेलं आणि जागा रिकामी झाली

१९७७ मध्ये केंद्रात जनता पक्षाचं सरकार आलं. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले. 'फेरा' कायद्याप्रमाणे परदेशी कंपन्यांना भारतातल्या धंद्यातला आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणायचा होता. कोका-कोलाला ते मान्य नव्हतं. फॉर्म्युला उघड करायचा की नाही, यावरूनही वाद झाला आणि कंपनीने भारतातून गाशा गुंडाळला.

आता कोला पिणारे लोक होते, पण कोला नव्हता. ही जागा भरायला तीन नावं पुढे आली. सरकारने स्वतःचं कोल्ड्रिंक आणलं, 'डबल सेव्हन'. म्हैसूरच्या सरकारी अन्न संशोधन संस्थेने फॉर्म्युला तयार केला आणि मॉडर्न ब्रेड बनवणाऱ्या सरकारी कंपनीने ते बाजारात उतरवलं. आधी कोका-कोला बाटल्यांत भरून देणाऱ्या दिल्लीच्या प्युअर ड्रिंक्सने 'कॅम्पा कोला' काढलं. आणि पार्लेच्या चौहान बंधूंनी 'थम्स अप'. इंग्रजी स्पेलिंगमधला 'बी' गाळून टाकलेलं हे नाव तेव्हा अनेकांना चुकीचंच वाटलं असणार.

सरकारी कोला टिकला नाही. त्याची कारणं बरीच सांगितली जातात. पण नावाकडे बघितलं तरी एक गोष्ट लक्षात येते. सत्तांतर झालं ते वर्ष बाटलीवर छापलं होतं. १९८० मध्ये ते सरकारच राहिलं नाही. मग या नावाशी ग्राहकाने कसलं नातं जोडायचं? कॅलेंडरवरचं जुनं पान आणि तहान, यांचं जमणं कठीणच.

थम्स अपचं तसं नव्हतं. चव तिखटसर, गॅस जोरदार आणि खूण अशी की लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसानेही नुसता अंगठा दाखवून दुकानात मागावं. गावोगावच्या टपऱ्यांच्या भिंती रंगल्या. १९९० मध्ये पेप्सी भारतात आली. तेव्हाच्या नियमांमुळे परदेशी नावाला देशी जोड द्यावी लागायची, म्हणून ती आली 'लहर पेप्सी' या नावाने. तिला तोंड द्यायला पार्लेने ३०० मिलीची मोठी बाटली काढली. छोट्या शहरांत लोक दुकानात जाऊन 'महा कोला' द्या म्हणायला लागले.

१९९३ मध्ये कोका-कोलाने नेमकं काय विकत घेतलं?

उदारीकरणानंतर कोका-कोला परत आलं. जगातलं सगळ्यात ओळखीचं कोल्ड्रिंक, पैशाला तोटा नाही. पण सोळा वर्षं बाहेर राहिल्यावर भारतातली एक अख्खी पिढी थम्स अप पीत मोठी झाली होती. कंपनीने मग सरळ रमेश चौहान यांच्याकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा आणि माझा हे ब्रँड घेतले. या व्यवहाराचा आकडा साधारण ६ कोटी डॉलर सांगितला जातो. सोबत बाटल्या भरणाऱ्यांचं आणि दुकानांपर्यंत पोचवणाऱ्यांचं तयार जाळंही मिळालं.

खरी गंमत यानंतर सुरू होते. कंपनीला मुळात विकायचं होतं कोक. त्यामुळे फँटाला वाट करून द्यायला गोल्ड स्पॉट बंद झालं. ज्यांचं लहानपण ऐंशीच्या दशकातलं आहे त्यांच्यासमोर हा विषय काढून बघा, अजून हळहळतात. थम्स अपवरही जोर कमी झाला. हिशोब सोपा होता: थम्स अप मिळालं नाही की माणूस कोक घेईल.

घेतलं नाही. थम्स अपवाल्याला कोक गोड लागायचं. तो रागावून पेप्सीकडे गेला असता तर विकत घेतलेल्या ब्रँडने शत्रूचंच भलं केलं असतं. शेवटी कंपनीला थम्स अप पुन्हा पुढे आणावं लागलं. डोंगरावरून उड्या, गाड्यांचा पाठलाग, सलमान खान, अक्षय कुमार, महेश बाबू, असा सगळा मर्दानी थाट करून ते स्वतंत्रपणे विकलं गेलं. २०२२ च्या सुरुवातीला कोका-कोलाने जाहीर केलं की भारतात थम्स अपची वर्षाची विक्री एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे.

म्हणजे मालक बदलला, कारखाने बदलले, जाहिराती बदलल्या. ग्राहकाच्या डोक्यातली जागा तेवढी राहिली. हिलाच ब्रँड म्हणतात आणि विकली गेली तीसुद्धा हीच. अर्थात त्यानंतर थम्स अपने जे कमावलं त्यातला वाटा चौहान यांना मिळणार नव्हता.

पण हे काम कसं करतं?

बंद बाटलीच्या आत काय आहे हे तुम्हाला घेण्याआधी तपासता येत नाही. साबण, चहा पावडर, हेल्मेट, क्लास, डॉक्टर, सगळीकडे हीच अडचण. विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. अशा वेळी ग्राहक मागचा अनुभव आठवतो आणि तो अनुभव आठवायला काहीतरी खूण लागते. नाव, रंग, बाटलीचा आकार या त्या खुणा. मागच्या वेळी चांगलं लागलं, याही वेळी लागेल, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून माल दर वेळी वेगळा निघत असेल तर कितीही सुंदर लोगो उपयोगाचा नाही. उलट, वाईट अनुभव लक्षात ठेवायला तोच लोगो ग्राहकाच्या कामी येतो.

दुसरी बाजू दुकानदाराची, जी आपण सहसा विसरतो. टपरीवरच्या फ्रिजमध्ये जागा मोजकी. जो माल मागून नेतात तोच तो ठेवणार. ज्याचं नाव कुणी घेत नाही तो माल त्याच्या गळ्यात मारायला जास्त कमिशन द्यावं लागतं, उधारीवर ठेवावा लागतो. नाव नसण्याचा खर्च छोटा उत्पादक असा दर महिन्याला भरतच असतो, फक्त तो वहीत 'ब्रँडिंग' या खात्यावर लिहिलेला नसतो.

नाव फारच गाजलं तर?

त्याचाही त्रास होतो. याच चौहान कुटुंबाच्या पार्लेने १९६९ मध्ये एका इटालियन उद्योजकाकडून बिस्लेरी हा धंदा ४ लाख रुपयांना घेतला. तेव्हा पाणी काचेच्या बाटलीत यायचं आणि पाणी कोण विकत घेणार, असा सगळ्यांचा प्रश्न होता. पुढे हे नाव इतकं रुजलं की एसटी स्टँडवर आपण "एक बिस्लेरी द्या" म्हणतो, दुकानदार भलत्याच कंपनीची बाटली देतो आणि आपण ती निमूट घेतो. एक-दोन अक्षरं इकडेतिकडे केलेल्या बाटल्या तर तुम्हीही पाहिल्या असतील.

मागणी तयार केली बिस्लेरीने, गल्ला भरला दुसऱ्याने. सगळ्यांचीच लेबलं निळी, म्हणून २००६ च्या सुमारास बिस्लेरीने आपलं लेबल हिरवट केलं. पुढे पाण्याची प्रत्येक बाटली बिस्लेरी नसते हे सांगायला जाहिरातीत उंट आणले. झेरॉक्स कंपनीचीही हीच तक्रार. आपण कुठल्याही मशीनवर 'झेरॉक्स' काढतो. डालडा आणि गोदरेजचं कपाट यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.

एवढं असूनही नावाची किंमत कमी झाली नाही. २०२२ मध्ये टाटा समूह बिस्लेरी घेणार अशी चर्चा होती तेव्हा बातम्यांमध्ये ६ ते ७ हजार कोटींचे आकडे येत होते. मार्च २०२३ मध्ये ही बोलणी थांबली.

मग नुसतं नाव पुरतं का?

इथे कॅम्पाची गोष्ट बघा. कोका-कोला आणि पेप्सी परतल्यावर कॅम्पा मागे पडत जवळपास गायब झालं. २०२२ मध्ये रिलायन्सने हा ब्रँड घेतला, किंमत साधारण २२ कोटी असल्याच्या बातम्या आल्या. थम्स अपचे आकडे वाचून झाल्यावर २२ कोटी म्हणजे किरकोळच. मार्च २०२३ मध्ये कॅम्पा पुन्हा बाजारात आलं आणि २०० मिलीची बाटली १० रुपयांना मिळायला लागली.

यावर बरेच जण म्हणतात की जुन्या आठवणींनी हे कोल्ड्रिंक चालवलं. मला ते पूर्ण पटत नाही. आज विशीत असलेल्या मुंबईकराला कॅम्पा कोला म्हटलं की वरळीचं कंपाउंड आणि तिथल्या बेकायदा मजल्यांची बातमी आठवते, चव नाही. खरं काम केलं ते १० रुपयांच्या किमतीने आणि दुकानापर्यंत पोचवण्याच्या ताकदीने. जुन्या नावाने एवढंच केलं की पहिल्या दिवसापासून 'हे कोण?' हा प्रश्न आला नाही. माल पोचत नसेल तर नाव ही नुसती आठवण राहते.

नाव कुणाचं, हे कागदावर हवं

वर ज्या माझाचा उल्लेख आला त्यावरून पुढे कोर्टबाजी झाली. १९९३ मध्ये विकले गेले ते भारतातले हक्क. २००८ मध्ये कोका-कोलाने तुर्कस्तानात हे नाव नोंदवण्यासाठी अर्ज केल्याचं कळल्यावर बिस्लेरीने आक्षेप घेतला आणि भारतातही हे नाव पुन्हा वापरण्याचा इरादा कळवला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. २००९ मध्ये न्यायालयाने बिस्लेरीला भारतात आणि निर्यातीसाठीही ते नाव वापरायला मनाई केली. एका आंब्याच्या सरबतासाठी एवढं!

तुमचा धंदा कोका-कोलाएवढा नसेल. पण घरून चकली, साड्या किंवा केक विकणाऱ्यांनी पण हा भाग नीट वाचा, कारण इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. दुकानाचं लायसन्स, उद्यम नोंदणी, जीएसटी नंबर, वेबसाइटचं डोमेन किंवा इन्स्टाग्रामचं हँडल, यातल्या कशानेही ब्रँडचं नाव तुमचं होत नाही. त्यासाठी ट्रेडमार्कची नोंदणी वेगळी करावी लागते. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गामागे ४,५०० रुपये सरकारी फी आहे, इतरांना ९,०००. वस्तू आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. कपडे २५ मध्ये, बेकरी आणि मसाले ३० मध्ये, कोल्ड्रिंक आणि पाणी ३२ मध्ये, हॉटेल ४३ मध्ये. नोंदणी १० वर्षं चालते आणि पुढे वाढवता येते.

'शुद्ध तूप' किंवा 'ताजी भाजी' असं नुसतं मालाचं वर्णन करणारं नाव नोंदवायला अवघड जातं, कारण ते शब्द सगळ्यांचे आहेत. नोंदणी होईपर्यंत नावापुढे 'टीएम' लावता येतं. गोलातलं 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच. आधीच लावलंत तर तो गुन्हा आहे.

नोंदणी केली नाही तर सगळंच गेलं असं नाही. आपल्याकडचा कायदा आधीपासून नाव वापरणाऱ्यालाही संरक्षण देतो. पण 'आधीपासून' हे सिद्ध तुम्हाला करावं लागतं. तारीख असलेली बिलं, जुनी पॅकिंग, छापलेल्या जाहिराती, पहिल्या पोस्ट, सगळं जपून ठेवा. पुण्यातल्या दुकानांवरची 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी आपण विनोद म्हणून फॉरवर्ड करतो. ती लावणाऱ्याची काळजी मात्र हीच असते, आपल्या नावावर दुसऱ्याने धंदा करू नये.

आणि हे सगळं करण्याआधी एक काम. ट्रेडमार्क कार्यालयाच्या सरकारी वेबसाइटवर तुमचं नाव शोधून बघा, त्याला पैसे पडत नाहीत. सारखं ऐकू येणारं, वेगळ्या स्पेलिंगचं नावही बघा, आणि आपल्या वर्गाबरोबर शेजारचे वर्गही तपासा. खोकी, पिशव्या आणि बोर्ड छापायला टाकायचे ते त्यानंतर.