क्रॉफर्ड तळ्याचा गाळ : आठ शतकांचा मागोवा

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील क्रॉफर्ड तळे अवघे २.४ हेक्टर क्षेत्राचे असले, तरी ते सुमारे २४ मीटर खोल असल्याने त्याच्या तळालगतचे पाणी वरच्या पाण्यात मिसळत नाही, आणि त्यामुळे गाळ ढवळला न जाता थरावर थर टिकून राहतो. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात विरघळलेला चुना कॅल्साइट या खनिजाच्या रूपाने खाली बसून फिकट थर तयार होतो, तर पुढे त्यावर मृत शेवाळाचा गडद थर चढतो. फिकट व गडद थरांची अशी एक जोडी म्हणजे एक वर्ष. हा मऊ गाळ विस्कटू नये म्हणून शुष्क बर्फ भरलेली धातूची पोकळ पट्टी तळात खुपसतात आणि तिला गोठून चिकटलेला गाळ वर काढतात.

या गाळात माणसाची ठळक खूण उमटते ती तेराव्या ते पंधराव्या शतकांच्या थरांतील मक्याच्या परागकणांनी. हे परागकण जड असल्याने वाऱ्याबरोबर फार दूर जात नाहीत. म्हणजे शेते काठालगतच होती, आणि जवळच उत्खननात मिळालेल्या इरोक्वॉयन या मूळनिवासी लोकांच्या वस्तीच्या अवशेषांनी ते पक्के झाले. वस्तीतून आलेल्या पोषकद्रव्यांनी पाण्यात शेवाळ वाढले, आणि वस्ती उठून गेल्यावरही डायटम, म्हणजे सिलिकेचे कवच असलेली सूक्ष्म शेवाळे, यांची रचना पूर्ववत झाली नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय वसाहतकऱ्यांनी पाइनची जंगले तोडली, तेव्हा पाइनचे परागकण घटले आणि उघड्या जमिनीवर माजणाऱ्या रॅगवीड या तणाचे वाढले. विसाव्या शतकाच्या मध्याच्या थरांत मात्र उच्च तापमानाला कोळसा किंवा खनिज तेल जाळल्यावरच तयार होणारे गोलाकार कार्बनी कण झपाट्याने वाढतात, आणि त्यांच्याबरोबर येते ते १९५२ पासूनच्या हायड्रोजन बाँबच्या चाचण्यांनी जगभर पसरवलेले प्लुटोनियम.

मक्याचा शेतकरी तळ्याच्या काठावर राहत होता, लाकूडतोड्या परिसरात वावरत होता, तर बाँब फोडणाऱ्यांना हे तळे ठाऊकही नव्हते. आठ शतकांत माणसाचा परिणाम वाढला, तसे त्याचे कारणही तळ्यापासून दूर जात राहिले. विसाव्या शतकाच्या मध्यातील प्लुटोनियमच्या खुणेच्या आधारावर २०२३ मध्ये मानवयुगाचा (अँथ्रोपोसीन) विचार करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासगटाने त्या युगाच्या प्रारंभाचा प्रमाण-थर म्हणून या गाळाची निवड केली, परंतु मार्च २०२४ मध्ये भूशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तो प्रस्ताव फेटाळला. माणसाचा प्रभाव विसाव्या शतकाहून कितीतरी जुना असल्याने त्याला एकाच वर्षाची सीमा घालता येत नाही, हा विरोधकांचा एक मुख्य आक्षेप होता, आणि त्याला पुष्टी देणारे मक्याचे परागकणही याच गाळात आहेत.