विमानाच्या शेपटीला फायबरचे टोक

जोगेश्वरीत फायबरचे काम जाणणारे हात कमी नाहीत. टाक्या, पाट्या, शूटिंगचे पुतळे हा त्यांचा नेहमीचा माल. हेच हात विमानाला लागतील का, हा प्रश्न आता हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही. येथून चौथे स्टेशन कांदिवली. तेथील चारकोपात कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याला उड्डाण चाचणी.

अमेरिकेतील व्हॅन्स कंपनी घरी बांधायच्या विमानांचे संच विकते. त्यांत पंख व शेपूट ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे, पण टोके फायबरची. पत्रा दोन्ही अंगांनी गोल वळवणे जिकिरीचे असते, फायबर मात्र साच्यातून निघते. शेपटीची आडवी हलती फळी म्हणजे एलिव्हेटर, उभी म्हणजे रडर. त्यांच्या टोकांचे काम बारीक आहे.

टोकाची कड कापून, घासून पत्र्याच्या आत सरकेल अशी करावी. रिव्हेटच्या दाबाने फायबर चिरते, म्हणून आतून ॲल्युमिनियमची पातळ पट्टी द्यावी. सांध्यात ताकद हवी तेथे इपॉक्सीत कापसाचे तंतू कालवून भरतात. वरच्या लांबीसाठी काचेच्या पोकळ कणांची भुकटी, ती हलकी असते आणि लवकर घासली जाते. घासताना तोंडाला मास्क हवाच.

टाकीवाल्यांना पॉलिएस्टर रेझिनची सवय असते. पॉलिएस्टरवर इपॉक्सी धरते, पण सुकलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. इपॉक्सीत हार्डनर अंदाजाने ओतून चालत नाही, काट्यावर मोजावा लागतो. आपल्या पावसाळ्यात वर चिकट थर येतो. तो पाण्याने धुऊन घासल्याशिवाय दुसरा हात देऊ नये.

खरी मेख वजनात आहे. हलती फळी बिजागरीवर तोललेली असते आणि टोकाच्या पुढच्या भागात त्यासाठी शिसे बसवतात. बिजागरीच्या मागे ३० सेंटिमीटरवर १०० ग्रॅम लांबी जास्त भरली, तर पुढे १५ सेंटिमीटरवर २०० ग्रॅम शिसे वाढवावे लागते. हा तोल बिघडला की वेगात फळी फडफडू लागते, आणि त्या फडफडीने शेपूट मोडू शकते. त्यात माणसे जातात. टाकीवर लांबी जाड झाली तर फार तर गिऱ्हाईक कुरकुर करील. म्हणून शेवटचा तोल रंग सुकल्यावरच पाहतात. टोक आणि शेजारची स्थिर फळी यांत फट राखावी. रंगाचा थर साचून दोन्ही घासता कामा नयेत.

असे काम अंगावर घेणाऱ्याने दर किलोवर सांगू नये. माल साच्यातून निघण्यापेक्षा घासण्यात जास्त वेळ जातो, ते तास वेगळे धरावेत. रेझिनचा बॅच नंबर, मिश्रणाचे माप आणि रंगापूर्वीचे व नंतरचे वजन वहीत लिहून त्या पानाची प्रत विमान बांधणाऱ्याच्या हाती द्यावी. तपासणीच्या वेळी कागद त्यालाच दाखवायचे असतात.