‘अपडेट’च्या बटणामागे कोण?

जगातल्या दर पाच संकेतस्थळांपैकी दोन तरी वर्डप्रेस या प्रणालीवर चालतात. त्याचा कोड मुक्त आहे. कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. पण डॅशबोर्डवर ‘अपडेट’ दाबलं की प्लगइनची (संकेतस्थळाला जोडायच्या सुविधेची) नवी आवृत्ती येते ती वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या सर्व्हरवरून, आणि त्याच्या चाव्या सहसंस्थापक मॅट मुलेनवेग यांच्याकडे आहेत.

सप्टेंबर २०२४मध्ये डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीशी त्यांचं बिनसलं आणि त्यांनी तिचा या सर्व्हरवरचा प्रवेशच तोडला. तिच्या ग्राहकांना डॅशबोर्डवरून अपडेट मिळेनात. त्यांत सुरक्षेच्या दुरुस्त्याही असतात! भांडणाशी काडीचाही संबंध नसलेले लोक भरडले गेले, हे मला सर्वांत जास्त खटकतं. ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या एका लोकप्रिय प्लगइनचं वर्डप्रेस डॉट ऑर्गवरचं पानही ताब्यात घेऊन त्याचं नाव बदललं गेलं. डिसेंबरमध्ये अमेरिकी न्यायालयाने प्रवेश पूर्ववत करायला लावला.

असा सर्व्हर विश्वस्त संस्थेकडे, लेखी नियमांनिशी असावा, असं माझं ठाम मत आहे. तेवढंही पुरेसं नाही. पर्यायी वाटा हव्यातच. २०२५मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘फेअर’ प्रकल्प त्याच खटपटीतून सुरू झाला: प्लगइन एकाच नव्हे, अनेक ठिकाणांहून मिळावेत.