योलोचा गाळ आणि हिल्गार्डचं भांडण

जमिनीत पाणी कसं मुरतं याचं गणित जे कधी शिकलेत, त्यांच्या ओळखीचं एक नाव असतं: ‘योलो लाइट क्ले’. ऑस्ट्रेलियाच्या जॉन फिलिप यांनी १९५७ साली पाणी मुरण्याचा आपला सिद्धान्त मांडला, तेव्हा उदाहरणाला हीच माती घेतली. तेव्हापासून पाठ्यपुस्तकांतून आणि संगणकीय प्रारूपांतून तिचेच आकडे फिरत आहेत. ती माती कुठली आणि तिच्यात पिकतं काय, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. मला विद्यार्थिदशेपासून त्या नावानं धरून ठेवलं आहे. त्याचा माग काढत गेलो आणि एका जुन्या, कडवट भांडणापाशी पोचलो.

योलो हा कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो खोऱ्यातला जिल्हा. पश्चिमेच्या डोंगरांतून पुटा क्रीक आणि कॅश क्रीक खाली येतात आणि सपाटीला लागल्या की गाळ पंख्यासारखा पसरतात. त्या गाळावर टोमॅटो, अक्रोड, बदाम पिकतात. डेव्हिसचं कृषी विद्यापीठ ज्या विद्यापीठ-शेतीतून वाढलं, ती १९०८ साली याच भागात सुरू झाली. योलो मालिकेच्या मातीत खड्डा घेतला तर वरचा थर करडा-तपकिरी दिसतो, ओलवला की गडद होतो. खाली दीड मीटर गेलं तरी घट्ट चिकण थर लागत नाही, मुरूम नाही, खडक नाही. बोटांत चोळली तर वाळूची कचकच नाही आणि चिकणमातीचा लगदाही होत नाही, पिठूळ लागते. पोयट्याच्या जमिनीत वावरलेल्या शेतकऱ्याला ती लगेच ओळखू येईल.

आजच्या वर्गीकरणात तिचं पूर्ण नाव असं आहे: फाइन-सिल्टी, मिक्स्ड, सुपरॲक्टिव्ह, नॉनॲसिड, थर्मिक मोलिक झेरोफ्लुव्हेंट्स. नाव लांबलचक असलं तरी त्यातला प्रत्येक तुकडा मोजून ठरवलेला आहे. २५ ते १०० सेंटिमीटर खोलीत चिकण १८ ते ३५ टक्के, आणि अतिसूक्ष्म वाळूहून जाड कण १५ टक्क्यांच्या आत, म्हणून ‘फाइन-सिल्टी’. हिवाळा ओला आणि उन्हाळा कोरडा, म्हणून ‘झेरो’. मातीचं वार्षिक सरासरी तापमान १५ ते २२ अंशांच्या दरम्यान, म्हणून ‘थर्मिक’. मला सगळ्यात भावते ती ‘फ्लुव्हेंट’ची कसोटी. अशा मातीत सेंद्रिय कर्ब खोलीबरोबर शिस्तीत कमी होत जात नाही. खाली जाता जाता मध्येच वाढतो. तिथे जुना पृष्ठभाग नव्या पुराखाली गाडला गेलेला असतो. नदीनं केलेली ही नोंद प्रयोगशाळेत आकड्यांत उतरते.

हे नाव घडण्याआधी दोन माणसं बरीच वर्षं एकमेकांविरुद्ध उभी होती.

पहिला युजीन हिल्गार्ड. जन्म १८३३, जर्मनीतल्या त्स्वायब्र्युकनचा. अमेरिकेत वाढला, हायडलबर्गला रसायनशास्त्र शिकला, मिसिसिपीचा राज्य-भूवैज्ञानिक झाला आणि १८७५ मध्ये बर्कलीला आला. दुसरा मिल्टन व्हिटनी, त्याच्याहून २७ वर्षांनी लहान, पुढे अमेरिकी कृषी खात्याच्या मृदा विभागाचा सर्वेसर्वा. १८९२ साली अमेरिकेच्या हवामान खात्यानं लागोपाठ दोन पुस्तिका काढल्या. तिसऱ्या क्रमांकाची हिल्गार्डची, माती आणि हवामान यांच्या नात्यावर. चौथ्या क्रमांकाची व्हिटनीची, मातीचे भौतिक गुणधर्म आणि ओलावा यांवर. पुढच्या वीस वर्षांचं भांडण या दोन पुस्तिकांत आधीच मांडून ठेवलेलं आहे, असं मला त्या शेजारी ठेवून वाचताना वाटलं.

हिल्गार्डचं म्हणणं असं: कमी पावसाच्या प्रदेशात चुना आणि क्षार धुऊन जात नाहीत, म्हणून माती मुळातच सकस राहते. वरची माती आणि खालची माती यांत फारसा भेद पडत नाही, मुळं खोल जातात. योलोच्या खड्ड्यात हेच दिसतं. व्हिटनीचं म्हणणं: कणांचा आकार आणि त्यानं ठरणारा ओलावा हेच खरं. १८९९ मध्ये त्यानं देशाचं मृदा सर्वेक्षण सुरू केलं ते याच धोरणावर. गावाचं किंवा नदीचं नाव, पुढे पोत. ‘योलो सिल्ट लोम’ हे नाव त्याच पठडीतलं.

आता या कथेतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग. कणांच्या आकारावर भिस्त ठेवणाऱ्या व्हिटनीशी जो झगडला, त्या हिल्गार्डनंच गाळाचे कण वेगळे करायचं अत्यंत काटेकोर यंत्र बनवलं होतं. कॅलिफोर्नियात येण्याआधी, १८७३ सालीच, त्यानं त्यावर निबंध छापला. उभी काचेची नळी, तळाशी घुसळणारी रवी, आणि खालून वर जाणारा पाण्याचा प्रवाह. प्रवाहाचा वेग ठरवून ठेवायचा. सेकंदाला पाव मिलिमीटर वेगात जे कण वर निघाले ते एका भांड्यात, अर्ध्या मिलिमीटरला निघाले ते दुसऱ्यात; मग एक, दोन, चार, आठ, असं दुप्पट करत चौसष्टपर्यंत. रवी नसेल तर बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि गोळा मोठ्या कणाच्या वेगानं वागतो. सगळं मोजमाप खोटं ठरतं. हे हिल्गार्डनं हेरलं. ज्यानं पोत इतक्या चिकाटीनं मोजला, तोच म्हणत होता की पोत पुरेसा नाही. त्याच्या बोलण्याला वजन होतं ते त्यामुळे.

१९०३ साली व्हिटनी आणि फ्रँक कॅमेरॉन यांची बावीस क्रमांकाची पुस्तिका आली. सार असं की जवळपास प्रत्येक जमिनीत पिकाला पुरेल इतकं अन्न आहे आणि ते संपणार नाही. हिल्गार्ड सत्तर वर्षांचा होता. त्यानं ‘सायन्स’मध्ये तिचे वाभाडे काढले. इलिनॉयचा सिरिल हॉपकिन्सही तुटून पडला. खुद्द व्हिटनीच्या हाताखाली काम करणारा फ्रँकलिन किंग वेगवेगळ्या जमिनींतलं पाण्यात विरघळणारं पोषण मोजत होता आणि त्याचा पिकाशी संबंध जुळताना पाहत होता. त्याचे तीन प्रबंध खात्यानं छापायचे नाकारले. १९०४ मध्ये तो बाहेर पडला आणि ते त्यानं मॅडिसनला स्वतः छापले. पुढे हाच किंग चीन, कोरिया, जपान फिरला. ‘फार्मर्स ऑफ फॉर्टी सेंच्युरीज’ १९११ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर निघालं. इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवणाऱ्या अल्बर्ट हॉवर्डनं या पुस्तकाचं ऋण मानलं. व्हिटनी मात्र १९०९ मध्येही लिहीत होता की माती ही राष्ट्राची न झिजणारी ठेव आहे. सरकारी खुर्चीवरून लिहिलेलं इतकं घातक वाक्य शेतीच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

हिल्गार्डची शेतकऱ्याला झालेली मदत आपल्याकडेही पोचली आहे. कॅलिफोर्नियाच्या ‘ब्लॅक अल्कली’ जमिनींवर त्यानं जिप्समचा उपाय रूढ केला: सोडियम कार्बोनेटचं सल्फेट करायचं आणि निचऱ्यानं ते घालवायचं. उत्तर हिंदुस्थानातल्या रेह जमिनींची माहितीही त्यानं आपल्या लिखाणात घेतली. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात किंवा सांगलीकडच्या चोपण जमिनीत आज जिप्सम टाकतात, त्यामागचं रसायन हेच.

तरी व्हिटनीला सपशेल बाद करता येत नाही. गाळाचा कण ०.००२ ते ०.०५ मिलिमीटर, त्यांच्यामधल्या पोकळ्या पाणी धरूनही ठेवतात आणि मुळांना देतातही. योलोतला कोरडा उन्हाळा पिकं काढतात त्याचं एक कारण हे आहे. फिलिप यांनी वापरलेली मोजमापं डेव्हिस-बर्कलीच्या परंपरेतल्या आर. ई. मूर यांची, १९३९ ची. त्यांचा नमुना योलो मालिकेतला, फक्त थोडा जड पोताचा. ती ज्या नियतकालिकात छापून आली त्याचं नाव ‘हिल्गार्डिया’. व्हिटनीच्या आवडीचा प्रश्न हिल्गार्डच्या नावाखाली सुटला!

१९७५ मध्ये गाय स्मिथ यांच्या नेतृत्वाखालचं वर्गीकरण ‘सॉइल टॅक्सॉनॉमी’ म्हणून छापलं गेलं, तेव्हा पोताला जागा मिळाली ती कुळाच्या पायरीवर, बरीच खाली. हवामान आणि घडण वरच्या पायऱ्यांवर गेली. आम्लता किती, हेही नावात आलं, आणि पुढे चिकणाची विनिमयक्षमताही. निकाल हिल्गार्डच्या बाजूनं लागला, असं मी मानतो.

योलोची कहाणी इथे थांबत नाही. बर्कलीच्या चार्ल्स शॉ यांनी १९२० च्या दशकात दाखवलं की एकाच गाळापासून झालेल्या जमिनी वयानुसार एका रांगेत लावता येतात. योलो त्यात कोवळी. गाळ यायचा थांबला की पावसाचं पाणी चिकण हळूहळू खाली नेतं, खालचा थर जड होतो, आणि तीच माती ‘झामोरा’ मालिकेच्या वळणावर जाते. तिचं वर्गीकरण मोलिक हॅप्लोझेराल्फ्स, गटच वेगळा. १९५७ मध्ये, फिलिप यांचे निबंध निघाले त्याच वर्षी, पुटा क्रीकवर मॉन्टिसेलो धरण पुरं झालं. डोंगरातला गाळ आता बेरिएसा जलाशयात साठतो, आणि खालच्या शेतांतली माती झामोराच्या वाटेला लागली आहे.