बेअरिंगला ग्रीस : अधिक नव्हे, नेमके
ग्राइंडिंग यंत्राची अचूकता त्याच्या स्पिंडलमधील बेअरिंगांवर अवलंबून असते. बेअरिंगचे गोळे व कडी यांच्यामधील तेलाचा थर पुष्कळदा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. तोच धातूची झीज रोखतो. ग्रीस जितके जास्त तितके बेअरिंग टिकाऊ, हा समज मात्र चुकीचा आहे. जादा ग्रीस घुसळले जाऊन तापते, त्यातील तेल वेगळे होते आणि महागडे बेअरिंग अकाली निकामी होते. म्हणून जलद फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये मोकळ्या जागेचा एक-तृतीयांशाहून कमी भागच भरावा. जलद गतीसाठी पातळ तेलाचे, तर संथ गती व जड भारासाठी दाट तेलाचे ग्रीस निवडावे. भिन्न जातींची ग्रीसे एकत्र मिसळू नयेत. हात व हत्यारे स्वच्छ ठेवावीत. धुळीचा साधा कणही या थराहून जाड असतो, हे कारागिरांनी विसरू नये.