रंगाची कड

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यासारख्या गावात चारचाकीला चरा पडायला शहरातली गर्दी लागत नाही. शेताकडे जाणारी पांदण पुरते. समोरून सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर आला की गाडी काठाला घ्यावी लागते, आणि काठाला बाभळी असतात. काटा दाराच्या पुढच्या कडेपासून हँडलपर्यंत ओढत जातो. मालक खाली उतरतो, बोटाला थुंकी लावून चऱ्यावर फिरवतो. ओल्या बोटाखाली चरा दिसेनासा झाला तर त्याला हायसं वाटतं.

ही गावठी परीक्षा अगदी बरोबर आहे. गाडीच्या पत्र्यावर कारखान्यात चार थर चढतात. पहिला विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा पातळ बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या एका केसापेक्षा थोडेच जाड. चरा फक्त क्लिअरमध्ये असेल तर ओल्या बोटाने त्यातली फट भरते आणि तो लपतो. असा चरा २००० नंबरचा वॉटर पेपर आणि रबिंग कंपाउंड यांनी निघतो, त्याला रंग लागत नाही. पण नख अडकलं, खाली राखाडी प्रायमर किंवा चकाकता पत्रा दिसला, की काम पेंटरचं.

आणि इथेच खरी अडचण सुरू होते. तो मूळ रंग पुन्हा कुणीच लावू शकत नाही. कारखान्यात रंग चढतो तेव्हा गाडी म्हणजे नुसता सांगाडा असतो. काच, रबर, वायरिंग, सीट काहीही बसवलेलं नसतं. म्हणून तिला १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत भाजता येतं. तयार गाडी तशी भाजली तर तिच्यातलं निम्मं सामान वितळेल. म्हणून दुरुस्तीसाठी वेगळ्याच जातीचा रंग बनवतात. त्याच्या क्लिअरमध्ये हार्डनर मिसळतात आणि तो ६० अंशाच्या गरम खोलीत किंवा नुसत्या हवेवर घट्ट होतो. दारावर जे लागतं ते मुळातच दुसरं रसायन असतं. त्याने पहिल्यासारखं दिसावं एवढीच आपली मागणी असते.

पेंटर आधी गाडीचा कलर कोड शोधतो. दाराच्या खांबावर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर तो छापलेला असतो. पण कोड सांगतो तो गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीचा रंग. त्यानंतर ती आठ उन्हाळे पत्र्याच्या शेडखाली, नाही तर वाड्यासमोर उघड्यावर उभी राहिलेली असते. शिवाय एकाच कोडचा रंग वेगवेगळ्या खेपांत थोडा वेगळा निघतो, म्हणून रंग कंपन्या एका कोडमागे दोन-चार उपप्रकार देतात, कुठे जरा पिवळसर, कुठे जरा गडद. मोठ्या शहरातल्या मिक्सिंगच्या दुकानात दारावर टेकवून वेगवेगळ्या कोनांतून रंग मोजणारं यंत्र असतं. यंत्र नसेल तिथे शेड कार्ड आणि माणसाचा डोळा. काट्यावर ग्रॅमच्या दशांशाने रंग तोलला जातो, आणि पांढऱ्यात काळ्याचा एक थेंब जास्त पडला तर ती शेड हातची गेली.

पांढरा रंग सोपा, असा गाडीवाल्यांचा समज असतो. आपल्याकडे रस्त्यावर सगळ्यात जास्त गाड्या पांढऱ्याच, त्यामुळे तो सोपा असायलाच हवा असंही वाटतं. प्रत्यक्षात शुद्ध पांढरी अशी गाडी सापडणं कठीण. प्रत्येकीत थोडा पिवळा, थोडा काळा, कधी लालसर गेरू मिसळलेला असतो आणि त्याचं प्रमाण चुकलं की जवळची दोन दारं लगेच बोलायला लागतात. पर्ल व्हाइट तर तीन टप्प्यांत चढतो. खाली पांढरा, मध्ये अभ्रकाचे कण असलेला पारभासी थर, वर क्लिअर. मधला थर एकाने वाढला तरी शेड बदलते.

तरी सगळ्यात अवघड चंदेरी. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म चकत्या असतात आणि त्या कशा झोपतात त्यावर रंग ठरतो. ओला, भरपूर कोट मारला तर चकत्या आत बुडतात, वाकड्यातिकड्या पडतात आणि समोरून रंग गडद दिसतो. कोरडा कोट मारला तर त्या वरच सपाट बसतात आणि रंग उजळतो. म्हणजे एकाच डब्यातला रंग, हात बदलला की दोन शेडचा. हिंगोलीच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपलीकडे गेलेला असताना, थिनर गनमधून दारापर्यंत पोचेपर्यंतच निम्मा उडतो. कोट आपोआप कोरडा पडतो, चंदेरी फिकट निघते. म्हणून जाणता पेंटर उन्हाळ्यात सावकाश उडणारा थिनर वापरतो आणि सकाळी लवकर गन हातात घेतो. हळद शिजवून पॉलिश करायचे आणि सोयाबीन काढायचे दिवस त्याच्यासाठी आणखी वाईट. हवेतली धूळ ओल्या क्लिअरवर उतरते. आधी जमिनीवर पाणी मारल्याशिवाय तो काम सुरू करत नाही.

रंग जुळला का, हे डब्यात बघून कळत नाही. ओला रंग वाळल्यावर बदलतो, क्लिअर चढल्यावर पुन्हा बदलतो. म्हणून आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर रंग मारायचा, क्लिअरही मारायचं, वाळू द्यायचं आणि तो तुकडा दाराला लावून बघायचा. त्याआधी जुनं दार पॉलिश करून घ्यायचं, कारण मळकट क्लिअर डोळ्याला फसवतं. बघायचं ते सावलीतल्या दिवसाच्या उजेडात, मग उन्हात, मग बाजूने तिरकं. ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडू शकतात. दोन रंगद्रव्यांची मिश्रणं एका प्रकाशात सारखी आणि दुसऱ्यात निराळी दिसणं हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, त्यात पेंटरची चूक नसते.

इतकं करूनही थोडा फरक उरतोच. माझ्या मते या कारागिरीची खरी उंची पुढच्या टप्प्यात आहे. आपला डोळा रंगातला फरक तितका पकडत नाही, जितकी दोन रंगांमधली कड पकडतो. चऱ्याभोवती टेप लावून चौकोन रंगवला तर उत्तम जुळलेला रंगही ठिगळ म्हणून दिसेल. म्हणून चांगला पेंटर कडच ठेवत नाही. चऱ्यात लांबी भरून, घासून, प्रायमर मारून झाल्यावर तो सबंध दार बारीक पेपरने खरवडतो. हँडल, बीडिंग, आरसा झाकत बसण्यापेक्षा काढूनच ठेवतो. पहिला बेस कोट फक्त प्रायमर झाकण्यापुरता, दुसरा त्याहून वीतभर पुढे, तिसरा आणखी पुढे आणि विरळ. प्रत्येक फटकाऱ्याच्या शेवटी मनगट वळवून गन बाहेर काढतो, म्हणजे रंग विरत जातो. चंदेरी असेल तर विरण्याच्या जागी आधी बिनरंगी बेसचा ओला थर देतो. तिथे चकत्या नीट बसतात आणि ठिगळाभोवती काळपट कडं उमटत नाही. शेवटी क्लिअर मात्र पूर्ण दारावर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

चरा दाराच्या पुढच्या टोकाला असेल तर रंग विरायला जागाच उरत नाही. मग शेजारच्या, काहीही न झालेल्या फेंडरवरही बेस ओढत न्यावा लागतो. इथे गाडीमालक रागावतो. चांगल्या पत्र्याला हात का लावला, पैसे वाढवण्यासाठीच ना? मला पेंटरची बाजू घ्यावीशी वाटते. तो फेंडर रंगवला नसता तर जोडावर फरक दिसला असता आणि दोषही त्याच्याच माथी आला असता.

या कामाचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. १९२० च्या दशकात ड्यूपाँट कंपनीचं ड्युको लॅकर आलं आणि गाडी रंगवायला लागणारे आठवडे दिवसांवर आले. ते नाव आपल्याकडे इतकं रुजलं की आजही कुणी कपाटाला ‘ड्युको’ मारून घेतो. त्या जुन्या लॅकरमध्ये हार्डनर नव्हता. आजच्या क्लिअरमध्ये आहे, आणि त्यातला आयसोसायनेट हा फार गंभीर विषय आहे. भोपाळमध्ये १९८४ साली गळलेला वायू याच रासायनिक कुळातला होता. हार्डनरमधलं संयुग तसं आपोआप उडून जात नाही, पण गनमधून त्याचं धुकं होतं आणि ते श्वासात जातं. त्याने दमा होतो. एकदा शरीर त्याला बिचकलं की पुढे अगदी थोडा फवाराही दम लावतो. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, हे नाही. बाहेरून ताजी हवा देणारा मुखवटा हाच त्यावरचा खरा इलाज, आणि रस्त्याकडेच्या किती शेडमध्ये तो दिसतो? विम्याच्या कागदावर रंगाचे पैसे लिहिले जातात, मजुरीचे लिहिले जातात. मुखवट्यासाठी वेगळा रकाना नसतो. ज्याच्या डोळ्यावर आणि मनगटावर आपल्या लाखोंच्या गाडीची शोभा अवलंबून आहे, त्याच्या फुफ्फुसांचा खर्च आपण बिलात धरायला हवा, असं मी अगदी मनापासून म्हणतो.

गाडी घरी नेल्यावर महिनाभर त्या दाराला मेण लावू नये. आतला थिनर अजून बाहेर पडत असतो. उरलेला बेस, हार्डनर न मिसळलेला, पेंटरकडून घट्ट झाकणाच्या डब्यात मागून घ्यावा आणि डब्यावर कोड, उपप्रकार, त्याने वरून टाकलेले थेंब लिहून ठेवायला सांगावं. बाभळी पुढच्या वर्षीही वाढणार आहेत.