ती वस्तू नंतर दिसली नाही

१९ नोव्हेंबर २०२३. रविवारची दुपार. अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू होता आणि सगळा देश टीव्हीसमोर बसला होता. त्याच दुपारी इंफाळ विमानतळाजवळ आकाशात काहीतरी दिसलं. उड्डाणं थांबली, येणारी विमानं दुसरीकडे वळवली गेली आणि तीन तासांहून अधिक काळ कारभार ठप्प झाला. हवाई दलाच्या पूर्व विभागाने समाजमाध्यमावर जे निवेदन दिलं ते जेमतेम दोन ओळींचं. विमानतळावरून प्रत्यक्ष पाहिल्याची खबर आली, त्यावरून हवाई संरक्षण यंत्रणा कामाला लावली. ती लहान वस्तू नंतर दिसली नाही. दोन राफेल विमानं शोधाला गेली होती, हे लोकांना बातम्यांतून कळलं.

हे निवेदन मला अभ्यासण्याजोगं वाटतं. त्यात ‘डोळ्यांनी पाहिलं’ एवढंच आहे, रडारचा उल्लेखच नाही. रडारला काय दिसलं हे सांगितलं, की ते किती लहान वस्तू पकडू शकतं हेही सांगून होतं. आणि ते ऐकायला आपल्याइतकाच शेजारीही कान देऊन बसलेला असतो. उडत्या तबकड्यांचे भक्त ज्याला ‘लपवाछपवी’ म्हणतात, तिचं मूळ बहुतेक वेळा एवढंच असतं. परग्रहवासी नव्हे, स्वतःची यंत्रं लपवायची असतात.

याचं सर्वांत महागडं उदाहरण अमेरिकेतलं. ८ जुलै १९४७ रोजी न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेल हवाई तळाने आपण होऊन पत्रक काढलं, की ‘उडती तबकडी’ आमच्या हाती लागली आहे. दोनच आठवड्यांपूर्वी केनेथ आर्नल्ड या वैमानिकाने माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्याचं सांगितलं होतं, त्यामुळे हवा तापलेलीच होती. काही तासांतच फोर्ट वर्थमध्ये जनरल रॅमी यांनी छायाचित्रकारांपुढे चंदेरी कागद आणि काड्यांचा पसारा मांडला आणि तो हवामानाचा फुगा असल्याचं जाहीर केलं. फुगा होता हे खरं, हवामानाचा होता हे खोटं. तो ‘मोगल’ नावाच्या गुप्त प्रकल्पातला होता. सोव्हिएत अणुचाचणीचा आवाज वातावरणाच्या वरच्या थरांत टिपायचा, असा त्याचा हेतू. हे हवाई दलाने अधिकृतपणे सांगितलं १९९४ साली. सत्तेचाळीस वर्षं उशिरा आलेल्या खऱ्या उत्तरावर मग कोण विश्वास ठेवणार?

१९५२च्या जुलैत खुद्द वॉशिंग्टनच्या रडारवर ठिपके उमटले, तेव्हा जनरल सॅमफर्ड यांनी भरगच्च पत्रकार परिषदेत हवेतल्या तापमानाच्या उलट्या थरांकडे बोट दाखवलं. पुढे अशा नोंदी तपासणारा अमेरिकी हवाई दलाचा ‘ब्लू बुक’ प्रकल्प १९६९मध्ये गुंडाळला तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अनुत्तरित राहिल्या होत्या. हा आकडा छापून मोकळं होणं मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतं. बेल्जियमच्या हवाई दलाने तर १९९०मध्ये एफ-१६ विमानांच्या रडारनोंदीच पत्रकारांना दाखवल्या. त्यांच्या अर्थावरून पुढे वाद झाले, पण लपवलं असं कुणाला म्हणता आलं नाही.

फेब्रुवारी २०२३मध्ये अमेरिकेची जी धांदल उडाली, ती मात्र वेगळ्या जातीची. ४ तारखेला दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यापलीकडे चिनी फुगा पाडला. मग १०, ११ आणि १२ तारखेला अलास्का, युकॉन आणि ह्युरॉन सरोवरावर ओळीने तीन वस्तू पाडल्या. अचानक एवढ्या वस्तू आल्या कुठून? बऱ्याच अंशी चाळणीतून. रडार अतिसंथ वस्तू पक्षी किंवा कचरा समजून गाळून टाकतं. चिनी फुग्यानंतर ती गाळणी सैल केली आणि पूर्वी न दिसणारं दिसू लागलं. ही गोष्ट लष्कराने सांगितलीही. पण परग्रहवासीयांबद्दल विचारल्यावर जनरल व्हॅनहर्क यांनी आपण काहीच नाकारलेलं नाही असं उत्तर दिलं, आणि मथळा तोच झाला. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसच्या प्रवक्त्यांना ‘परग्रहवासीयांचा काही संबंध नाही’ असं सांगावं लागलं. १६ तारखेला बायडेन म्हणाले, बहुधा खासगी कंपन्यांचे, हौशी किंवा संशोधनाचे फुगे असावेत. लाखो डॉलरची क्षेपणास्त्रं, आणि समोर कदाचित कुणाचा तरी छंद!

आपल्याकडे लडाखमध्ये क्षेपणास्त्र सुटलं नाही, हे नशीब. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँग सरोवराजवळच्या थाकुंग भागात जवानांनी ३२९ वेळा पिवळसर प्रकाशगोल पाहिल्याची नोंद केली. चिनी ड्रोनचा संशय होता. रडारवर मात्र काही येईना, त्यामुळे गूढ आणखी वाढलं. अखेर बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांना विचारलं गेलं, आणि उत्तर आलं: गुरू आणि शुक्र. १४ हजार फुटांवरच्या विरळ हवेत ते भलतेच तेजस्वी दिसतात. ज्यांना हसू येतं त्यांनी तिथे एक रात्र पहारा करून पाहावा. माझी तक्रार पहारेकऱ्यांविषयी नाही. पंचांगातही सापडलं असतं ते उत्तर लोकांपर्यंत यायला कितीतरी महिने लागले, ही आहे.

महाराष्ट्रालाही असा अनुभव आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत आकाशात जळत्या रेघा दिसल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलं मोठं कडं पडलं. चिनी रॉकेटचा अवशेष असल्याचं जाणकारांनी सांगितलं, पण तोवर रात्रभर मोबाइलवर वाटेल त्या अफवा फिरून झाल्या होत्या.

अशा वेळी काय लिहावं याचा नमुना शोधायचा तर तो लष्कराकडे नाही, टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे आहे. हैदराबादहून तिचे संशोधनाचे फुगे ३० ते ४२ किलोमीटर उंच जातात आणि त्यांची उपकरणं रंगीत छत्रीला लटकून कधीकधी सोलापूर, लातूर, नांदेड, चंद्रपूरकडे उतरतात. म्हणून संस्था आधीच जाहीर सूचना काढते. फुगा केवढा, सुटणार कधी, पडणार कुठे, सगळं त्यात असतं. उपकरण उघडू नका, आत जास्त दाबाची वीज असू शकते, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. कळवणाऱ्याला बक्षीस आहे. उपकरणाला हात लावलेला आढळला, तर नाही.